मान्य

"तुम्हाला स्वतःला इथलं काम आवडतं का?" नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या बाईंनी विचारलं, आणि तिच्या तोंडून "नाही" असा शब्द बाहेर पडला.

उचकी लागावी तसा पडला. उचकी काही कुणी ठरवून देत नाही. ती येते, आणि आल्यावर आपण इकडेतिकडे बघतो, कुणी ऐकलं तर नाही ना. क्षणभर तिला वाटलं, हे दुसरंच कुणीतरी बोललं. तिने शेजारी बसलेल्या राऊतकडे पाहिलं, कारण असला शब्द त्या खोलीत उच्चारला जायचा तर तो राऊतच्याच तोंडून. पण राऊत तिच्याकडे बघत होता. त्याच्या हातातलं पेन ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबलं होतं. मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते "हो" या उत्तरासाठी आधीच तयार करून ठेवलेलं होतं, आणि उत्तर बदलल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. वर एसीच्या जाळीला कुणीतरी बांधलेली कागदाची पट्टी फडफडत होती. ती पट्टी कुणी बांधली असेल, असा एक भलताच प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. मग तिच्या लक्षात आलं, की आपले कान गरम झालेत, आणि तो शब्द आता परत घेता येणार नाही.

त्या बाई तिच्याच वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. पर्स शेजारच्या खुर्चीवर न ठेवता मांडीवर धरून बसलेल्या. आजारी सासऱ्यांचं करण्यात मधली बरीच वर्षं घरी गेली, आता ते नाहीत, तेव्हा परत कामाला लागायचंय, असं त्यांनी सुरुवातीलाच सरळ सांगून टाकलं होतं. मुलाखतीच्या शेवटी मॅनेजरने नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" लोक या वेळी सुट्ट्यांचं विचारतात, बढतीचं विचारतात. आवडीचं क्वचितच कुणी विचारतं, आणि विचारलंच तर त्याचं उत्तर देणं हे तिचं काम होतं. "रोज नवं शिकायला मिळतं, आणि माणसं फार चांगली आहेत." हे वाक्य तिच्या फोटोखाली कंपनीच्या वेबसाइटवर छापलेलं होतं. फोटोत ती हसत होती. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, आणि नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला ताईंकडे पाठवत, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडे.

"कधीपासून?" त्या बाईंनी विचारलं.

आवाजात आश्चर्य नव्हतं, खोचकपणा नव्हता. डॉक्टर विचारतात ना, कधीपासून दुखतंय, तसं. मॅनेजर तेवढ्यात मोठ्याने हसला, "आमच्या ताई फार विनोदी आहेत हं," म्हणाला, उठला, हात पुढे केला, कळवतो म्हणाला. त्या बाई जाताना दारात थोड्या थबकल्या. तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडताना हलवतात तशी.

"ताई, दोन मिनिटं," मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या केबिनमध्ये गेल्यावर दार लावून घेतलं. तो तिच्याहून लहान होता, वाईट नव्हता. त्याने तिला पाण्याची बाटली दिली, स्वतः खुर्चीत न बसता टेबलाच्या कडेला टेकला. "काय झालं? घरी सगळं ठीक?" "ठीक आहे." "मग हे काय होतं?" ती म्हणाली, "मलाही माहीत नाही." हे खरं होतं, पण त्याला ते टाळाटाळ वाटलं असणार, कारण त्याचा चेहरा लहान मुलासारखा हिरमुसला. "राऊत म्हणाला असता तर मी लक्षही दिलं नसतं," तो म्हणाला. "त्याचं रोजचंच आहे. पण तुम्ही? तुमच्याकडे बघून माणसं इथे टिकतात, ताई. मी टिकलो." तिला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी, ओल्या जमिनीखाली पाणी असतं तसं, एक थंडगार काहीतरी होतं, त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. "जरा चार दिवस विश्रांती घ्या," तो म्हणाला. "आज लवकर जा. मी बघतो."

ती आपल्या जागेवर येऊन बसली. तिची कंपनी पार्सलं पोचवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करत असे. एखादी वस्तू कुठून निघाली, कुठल्या गोदामात उतरली, कुणाच्या दारात पोचली, हे सगळं सांभाळणारं. घरोघरी लोकांच्या फोनवर येणारं "तुमचं पार्सल निघालं आहे" हे वाक्य कधीकाळी तिने लिहिलं होतं. "रवाना झाले आहे" असं आधी होतं, ते तिने बदललं. आता समोरच्या स्क्रीनवर सहायकाने लिहून ठेवलेला नवा कोड तिची वाट पाहत होता. सहायक म्हणजे कंपनीने आणलेलं कोड लिहिणारं यंत्र. पहिल्यांदा ती लिहायची आणि तो पुढचा शब्द सुचवायचा. मग तो लिहायचा आणि ती सुचवायची. मग तो लिहायला लागला आणि ती वाचायला लागली. खाली दोन बटणं असत, एक "मान्य" आणि एक "परत पाठवा". परत पाठवलं तर तो क्षमा मागून पुन्हा लिहून आणे, इतका नम्रपणे, की परत पाठवल्याबद्दल आपल्यालाच अपराधी वाटावं. हल्ली ती परत पाठवत नव्हती. सकाळी आली की मान्य, चहा, मान्य, जेवण, मान्य. अंगठाबहाद्दर म्हणतात तशी ती बोटबहाद्दर झाली होती. पण हे तिला आज, आत्ता, या खुर्चीत बसल्यावर दिसत होतं. काल दिसत नव्हतं. काल विचारलं असतं तर तिने त्याच हसऱ्या तोंडाने सांगितलं असतं, आवडतं, रोज नवं शिकायला मिळतं.

कधीपासून? तिने सहायक बंद केला. बंद करायचं बटण कुठे आहे ते शोधावं लागलं. मोकळं पान उघडलं आणि ठरवलं, काहीतरी साधंच लिहू, नावांची यादी वर्णक्रमाने लावण्यासारखं, जे ती विशीत असताना बसच्या खिडकीशी बसून मनातल्या मनात लिहायची. पांढऱ्या पानावर ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. तिची बोटं कीबोर्डवर जाऊन बसली, आणि बसूनच राहिली. बोटं वाट बघत होती. शब्द कुणीतरी पुढे करील, फिकट राखाडी रंगात, आणि मग आपण तो घ्यायचा, अशी ती अगदी शहाण्यासारखी, जेवायला बसलेल्या मुलांसारखी वाट बघत होती. तिने पहिली ओळ लिहिली आणि पुसली. दुसरी लिहिली. पुढे काय येतं हे तिला माहीत होतं, नक्की माहीत होतं, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर असावं तसं. आणि ते येत नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं. तिने घाईघाईने पान बंद केलं, आजूबाजूला पाहिलं. कुणीच बघत नव्हतं. सगळे मान्य करत होते.

नवऱ्याचा दवाखाना ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून होता. तो दातांचा डॉक्टर. भर दुपारी ती कधी तिकडे जात नसे; रिसेप्शनवरची मुलगी तिला पाहून उभीच राहिली. "डॉक्टरांना सांगू?" "नको, बसते." ती बाकावर पेशंटांत बसली. एका माणसाने गाल रुमालाने बांधला होता. आतून यंत्राचा बारीक, चिवट आवाज येत होता. लग्नानंतर पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, दिवसभर हे ऐकून तुला वेड कसं लागत नाही? तो म्हणाला होता, माझ्याकडे माणूस रडत येतो आणि मुकाट घरी जातो, असा धंदा दुसरा सांग. त्या वेळी तिला त्याचा हेवा वाटला नव्हता. तिच्याकडे तेव्हा हॉस्पिटलचं स्वयंपाकघर होतं.

तिची पहिली नोकरी. कुठल्या पेशंटला बिनमिठाचं, कुणाला पातळ, कुणाला दर दोन तासांनी थोडंथोडं, हे तोवर स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहीत, आणि वाफेने फळा ओला झाला की सगळंच ओघळे. ते सगळं एका प्रोग्रॅममध्ये बसवायचं काम तिला दिलं होतं. ती दिवसचे दिवस तिथे एका स्टुलावर बसून राहिली. मोठमोठी पातेली, ओल्या फरशीचा वास, ट्रॉल्यांच्या चाकांची किरकिर. मुख्य आचारी तिला म्हणाला होता, "पोरी, तुझं मशीन चुकलं तर शिव्या मला बसणार, तेव्हा नीट लिही." प्रोग्रॅम सुरू झाला त्या दिवशी ती पहिल्या ट्रॉलीबरोबर लिफ्टने वर गेली, आणि ताट एका म्हाताऱ्या बाईंच्या खाटेशी पोचेपर्यंत मागेमागे चालत राहिली. म्हातारीने झाकण उचललं, एक घास घेतला, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "यात मीठच नाही." ती आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली होती. माहेरी जाऊन तिने आईला तेच सांगितलं, मीठ नव्हतं आई, मीठ नव्हतं! आईला काही कळलं नाही. आई नातेवाइकांना सांगायची, आमची मुलगी कॉम्प्युटरमध्ये असते. जणू त्या पेटीच्या आतच राहायला गेली आहे. आणि एका अर्थी ते खरंच होतं, त्या वर्षांत ती आतच राहत होती. भूक लागलेली कळत नसे, दिवे लागलेले कळत नसत. मग ती बाहेर कधी आली? कुणी काढलं? कुणीच नाही. दार बंद झाल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"काय झालं? आई...?" नवरा हातमोजे काढत बाहेर आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भर दुपारी बायको दवाखान्यात म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ त्याला लागत होता.

"कुणाला काही झालं नाही. मी आज नाही म्हणाले."

"कशाला नाही म्हणालीस?"

तिने सांगितलं. तो शेजारी बाकावर बसला. गाल बांधलेला माणूस कान देऊन ऐकत होता, पण बोलू शकत नव्हता, त्यामुळे त्याची अडचण वाटली नाही. "पण तू तर म्हणतेस तुला आवडतं," नवरा म्हणाला. "मी कायम विचारतो. कसा गेला दिवस, म्हटलं की तू म्हणतेस, छान." "हो. म्हणते." "मग ते खोटं होतं?" तिने विचार केला. खोटं बोलताना आपल्याला खरं माहीत असावं लागतं. "नाही. मला वाटायचं की छानच आहे. दुखतच नव्हतं." तो नेहमीच्या, पेशंटशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "दात मेला ना, की दुखायचा थांबतो. माणसं खूश होतात. म्हणतात, डॉक्टर, आपोआप बरा झाला." म्हणाला आणि स्वतःच दचकला. तिचा हात धरला. "मला तसं नव्हतं म्हणायचं." "माहीत आहे," ती म्हणाली. पण ते वाक्य बाकावर दोघांच्या मध्ये बसून राहिलं.

सुट्टी तिने घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना घ्यायचं की नाही हे ठरवायला तिघे पुन्हा त्याच काचेच्या खोलीत बसले. मॅनेजर तिच्याशी जरा जपून बोलत होता, तापातून उठलेल्या माणसाशी बोलतात तसा. "मला वाटतं, नको," तो म्हणाला. "मधली वर्षं गेलेली. शिवाय फार हळू आहेत. आपण सहायकाचा कोड वाचायला दिला, बाकीच्यांनी बघितल्याबरोबर ठीक आहे म्हटलं. यांनी केवढा वेळ लावला. आणि तो प्रश्न... वातावरण बिघडतं अशाने."

"त्या कोडमध्ये चूक होती," राऊत म्हणाला.

"कुठली चूक?"

"मीच घातलेली. परत आलेलं पार्सल दुसऱ्यांदा पाठवलं, तर पोचायच्या आधीच पोचलं म्हणून दाखवत होतं. आजवर सहा-सात जण येऊन गेले, कुणाला दिसली नाही. त्या बाई म्हणाल्या, इथे काहीतरी खटकतंय, मला जरा नीट वाचू द्या. आणि काढली. कागदावर खूण करून ठेवलीय, मी काल संध्याकाळी बघितलं."

तिने राऊतकडे पाहिलं. तो कोड तिनेही वाचला होता. प्रत्येक मुलाखतीत ती त्याचा छापील कागद उमेदवाराच्या हातात देत होती, आणि ठीक आहे म्हणणाऱ्याकडे बघून मान डोलावत होती. तिलाही चूक दिसली नव्हती. तिने तो कागद ओढून घेतला, वाचला. चूक होती, उघडीवाघडी, रस्त्यात पडलेल्या चपलेसारखी. एके काळी तिला अशा चुका वासाने कळायच्या.

"त्यांना घेऊ या," ती म्हणाली.

"ताई, पण तो प्रश्न..."

"प्रश्न बरोबर होता. वातावरण बिघडलं असेल तर ते माझ्या उत्तराने. त्याची शिक्षा त्यांना कशाला?" आवाज चढला होता. मॅनेजरने पेनाचं टोपण लावलं. तिला आठवेना, याआधी ती या माणसाशी कधी वाकड्यात शिरली होती का. "बरं," तो शेवटी म्हणाला, "तुमची जबाबदारी."

राऊतचं आडनाव राऊत नव्हतं. जुन्या लोकांनी त्याचं नाव रडतराऊत ठेवलं, पुढे ते झिजून राऊत झालं, आणि नवी मुलं ते त्याचं खरंच आडनाव समजून "राऊत सर" म्हणत. तोही ओ देई. खुर्ची वाईट, चहा वाईट, मागच्या माणसाने लिहिलेला कोड तर अगदीच वाईट, असं त्याचं दिवसभर चालू असे. तो सगळ्यात जुन्या बाजूला एकटा बसे. एका ट्रकमधला माल निरनिराळ्या गोदामांत कसा वाटायचा, याचं सॉफ्टवेअरच्या पोटातलं जुनं गणित त्याच्याकडे होतं. कुणा निघून गेलेल्या लोकांनी ते अशा काही पद्धतीने लिहिलं होतं, की सहायकाने हात लावला की ते मोडे. म्हणून तिथे अजून माणूस होता. खोलीतून बाहेर पडल्यावर ती त्याच्या मागोमाग त्याच्या कोपऱ्यात गेली.

"तुला आवडतं का रे हे?" तिने विचारलं.

"काय, ही खुर्ची?"

"काम."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याला बायको आवडते का म्हणून चारचौघांत विचारलं. मग त्याचे कान लाल झाले. "आवडतं म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नाही मला. सकाळी उठतो तेव्हा डोक्यात हेच असतं."

ती थक्क झाली. "आणि दिवसभर जे बोलत असतोस ते?"

"अगं, भांडतो म्हणजे बोलणं चालू आहे ना." तो खुर्चीत मागे रेलला, खुर्ची कुरकुरली, त्याने तिला एक शिवी दिली. "तुला मी कधी भांडताना ऐकलं नाही. मला वाटायचं, केवढी समाधानी बाई. खरं सांगू, तुझ्याकडे बघून मला माझीच लाज वाटायची."

आपल्याकडे बघून एक माणूस इथे टिकला आणि एकाला लाज वाटली, आणि दोघेही ज्या बाईकडे बघत होते ती तिथे नव्हतीच. तिला एकदम हसू आलं, आणि हसताहसता पुढे रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून तिने विचारलं, "इथे जागा आहे?" राऊतने पेन खाली ठेवलं. "जागा आहे. पण नीट विचार कर. हे सगळं कधी ना कधी बंद करणार आहेत. इथे पुढे काही नाही." नंतर मॅनेजरही तेच म्हणाला, आणि त्याहून जास्त म्हणाला, तुमच्या अनुभवाचं काय, टीमने काय समजायचं. ती ऐकून घेत राहिली. त्याने विचारलं, "सहायकाला कंटाळलात का? तो सगळ्यांचं काम हलकं करतोय." "हो, करतोय," ती म्हणाली. "मला जरा ओझं हवंय." त्याला ते कळलं नाही. तिलाही पुरतं कळलं होतं असं नाही. पण त्या बाई तिच्या जागेवर यायच्या होत्या, त्यामुळे जागा रिकामी करणं सोपं गेलं. त्या आल्या त्या दिवशी तिने त्यांना खुर्ची कशी वरखाली होते ते दाखवलं, आणि सहायक बंद करायचं बटण कुठे आहे तेही दाखवलं. "हे मला कशाला?" त्यांनी विचारलं. "असू दे माहीत," ती म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. तिला वाटलं होतं, पोहणं आणि सायकल जशी माणूस विसरत नाही तसं हे परत येईल. आलं नाही. राऊतने तिला एक लहानसं काम दिलं. माल वाटून झाल्यावर दर वेळी दोनतीन पार्सलं कुठल्याच गोदामाच्या वाट्याला न जाता शिल्लक राहत, कागदावर अधांतरी, आणि मग कुणीतरी फोन करकरून ती हाताने कुठेतरी टाके. ती का राहतात ते शोधायचं होतं. ती सकाळपासून त्या जुन्या ओळींसमोर बसे आणि दुपारपर्यंत डोकं दगडासारखं जड होई. वाचलेलं निसटून जाई. कधी वाटे, आपण मुळात हुशार नव्हतोच, एवढी वर्षं नुसता गवगवा. कधी त्या म्हाताऱ्या बाईंचं वाकडं तोंड आठवे आणि दातओठ खाऊन ती पुन्हा वाचायला घेई. घरी जेवताना घास हातात तसाच राही. नवरा नुसता बघे; दवाखान्यातल्या त्या वाक्यापासून तो तिच्याशी तोलूनमापून बोलत होता. एका सुट्टीच्या दुपारी मात्र त्याने विचारलं, "सोडतेस का?" "काय?" "काम... काय ते." तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं कधीकधी." तो नुसता हं म्हणाला. ते वाक्य तिने कामाबद्दल म्हटलं होतं. त्याने ते कुठल्या कप्प्यात ठेवलं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग एका साध्या सकाळी, अकराच्या सुमारास, राऊत चहाला गेलेला असताना, तिला ते दिसलं. ट्रक दोनदा मोजला जात होता. निघताना एकदा, आणि वाटेत थांबला की पुन्हा. आणि वाटेत थांबण्यापूर्वी उतरलेला माल मधल्यामध्ये कुणाचाच नव्हता. इतकं साधं. तिने श्वास रोखून चार ओळी काढल्या, तीन घातल्या, आणि गणित चालवलं. शिल्लक शून्य. पुन्हा चालवलं. दुसऱ्या ट्रकवर, तिसऱ्यावर, सगळ्यात मोठ्या ट्रकवर. शून्य. अंगावर काटा आला होता, मानेपासून मनगटापर्यंत, आणि ती स्वतःच्या हाताकडे कुणा परक्या बाईचा हात बघावा तशी बघत होती. कुणालातरी सांगायला हवं होतं, ताबडतोब. राऊत नव्हता. बाकीच्यांच्या माना खाली होत्या. तिने दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर दाढ काढतायत," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"त्यांना एवढंच सांग, चाललं."

"काय सांगू?"

"चाललं म्हणावं. कळेल त्यांना." आणि तिने फोन ठेवला, कारण आता आणखी एक शब्द बोलली असती तर आवाज फुटला असता.

चाललं आणि चालले यांत एका टिंबाचा आणि एका मात्रेचा फरक. त्या मुलीने तो फोनच्या खरखरीत ऐकला नाही, आणि मॅडमचा आवाज भरून आलेला तिने नीट ऐकला. तिने आत जाऊन सांगितलं, "मॅडमचा फोन होता. म्हणाल्या, चालले म्हणावं, कळेल त्यांना."

ती चौथ्या ट्रकवर गणित चालवत होती तेव्हा लिफ्टकडून गलका ऐकू आला. वॉचमन "अहो साहेब, अहो साहेब" करत मागे धावत होता आणि पुढे तिचा नवरा होता. हिरवा ॲप्रन तसाच, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली, एका हाताला हातमोजा, दुसरा हात उघडा. जन्मात कधी न धावलेला माणूस दोन गल्ल्या धावत आला होता. तो टेबलांच्या मधून वाट काढत, धडकत, तिच्यापाशी येऊन उभा राहिला. सगळा मजला उठून उभा राहिला होता. त्या बाईही, हातात पेला धरून.

"कुठे?" तो शेवटी म्हणाला. "कुठे चाललीस तू?"

तिला आधी काहीच कळलं नाही. आणि मग सगळं एकदम कळलं: फोन, ती मुलगी, खिडकीशी बोललेलं ते वाक्य. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचं काळीज हललं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी समोर बसणाऱ्या या माणसाचा असा चेहरा तिने पाहिला नव्हता. तो तिला घालवून बसला होता. दोन गल्ल्यांच्या त्या अंतरात तो तिच्याशिवाय म्हातारासुद्धा होऊन आला होता.

"मी नाही रे," ती म्हणाली. "मी कुठे जातेय? गणित. माझं गणित चाललं."

तो राऊतच्या खुर्चीत मटकन बसला. खुर्ची केवढ्यांदा तरी ओरडली. कुणीतरी पाणी आणलं. त्याने ते घेतलं, पण हातातच धरलं.

"पेशंट?" तिने विचारलं.

"भूल दिलीय. बसलाय तोंड उघडून."

"अरे देवा. जा मग."

"आधी दाखव."

"दिसण्यासारखं काही नाहीये त्यात."

"तरी दाखव."

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. नुसते आकडे, वरपासून खालपर्यंत. त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पुढे वाकला. बराच वेळ बघितल्यावर मोजा घातलेल्या बोटाने, काचेला न टेकवता, एका जागी दाखवलं.

"हे शून्य?"

"हो. काल तिथे तीन होते."

"म्हणजे शून्य चांगलं?"

"फार चांगलं. तीन पार्सलं होती. कुणाचीच नव्हती ती. आता घरी जातील."

त्याने मान हलवली. तो काही विचारील म्हणून ती थांबली, पण त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता. चष्म्याच्या काचांवर वाफ आली होती. तो ती पुसत नव्हता, तसाच त्या आकड्यांकडे बघत होता. तिने आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "हा बघ, हा ट्रक सकाळी निघतो."